दाजी, तुमच्या पाळण्याविषयी थोडं

दाजी, तुमचं रक्षाविसर्जन होऊन अकरा दिवस झाले आणि तुमच्या पाळण्यावरचं माझं मत अजून तुम्हाला पोचलेलं नाही. माणूस गेला की घरच्यांना काय काय राहून गेलेलं आठवतं. कुणाला शिखरजीची यात्रा घडवायची राहिली म्हणून हुंदका येतो, कुणाला शेवटचं जेवायला बोलवायचं राहिलं म्हणून. माझं राहिलं ते नऊ मिनिटांचं एक रेकॉर्डिंग ऐकायचं. बरं, नुसतं राहिलं असतं तर कामाच्या गडबडीवर ढकलता आलं असतं. पण ते न ऐकताच 'ऐकलं, झकास' असं तुम्हाला कळवून मी मोकळा झालो होतो. निपाणीत तुमच्या सोप्यात, हार घातलेल्या फोटोसमोर माणसं तुमच्या स्वभावाबद्दल बोलत होती तेव्हा मी खाली मान घालून बसलो होतो. सगळ्यांना वाटलं, मेव्हणा फार हळवा.

या सगळ्याची सुरुवात माझ्यापासूनच झाली. वयाच्या सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच्या सुमाराला माणसाला एकतर गुडघे त्रास देतात किंवा कला. मला कला झाली. पंचवीस वर्षं शाळेत गणित शिकवताना शेवटच्या बाकापर्यंत ओरडून ओरडून, आपल्या आवाजात काहीतरी आहे असा माझा समज झाला. मग मायक्रोफोन आला, हेडफोन आला, आणि बेळगावच्या कॅम्पातल्या आमच्या भाड्याच्या घरात झोपायच्या खोलीचा एक कोपरा गाद्या उभ्या करून बंद झाला. बायको म्हणाली, "लोक ढेकूण झाले म्हणून गाद्या काढतात. तुम्ही गाणं झालं म्हणून काढल्या." गाणं मीच लिहायचं, चाल मीच लावायची, मीच गायचं, तबला-पेटी संगणकावर मीच बडवायची, आणि शेवटी कुणाचा आवाज किती वर, कुणाचा किती खाली हे ठरवून सगळं एकत्र शिजवायचं. याला मिक्स म्हणतात, हे मी तुम्हाला पहिल्यांदा समजावलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "म्हंजे मिसळच की."

पहिलं गाणं मी घरच्या ग्रुपवर टाकलं. साठ माणसं. साठांनी हात जोडले. एका चुलतभावानं सवयीनं 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली आणि मग पुसली. फोन फक्त तुमचा आला.

"सुकू, गाणं ऐकलं रं."

"कसं वाटलं, दाजी?"

"त्यो बिगुलवाला कोण हाय?"

माझ्या ध्यानात आलं. मैदानावर जवानांची परेड चालली होती, तिथला बिगुल खिडकीतून आत आला होता. मी म्हणालो, "तो मागून आलाय, दाजी. चुकून. काढून टाकतो."

"त्येला कशाला काढतोस? तेवढाच सुरात हाय."

तीन दिवस मी तुमच्यावर रुसलो होतो. तुम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. रुसलेलं कळायला समोरच्याला फोनची वाट बघावी लागते. पण दुसरं गाणं झालं ते मी ग्रुपवर टाकलं नाही, तुम्हालाच पाठवलं. साठ जणांच्या जोडलेल्या हातांवरून मला एवढंच कळलं होतं, की साठ जणांनी गाणं ऐकलेलं नाही.

तुमची ऐकायची रीत मात्र मला पुढे निपाणीला आल्यावर कळली. मला वाटायचं, तुम्ही दुपारी आरामखुर्चीत पडून, डोळे मिटून ऐकत असाल. तुम्ही मला घेऊन गेलात शेतात. ट्रॅक्टर बांधाला लावला. सीटच्या मागं ते स्पीकरचे दोन भले मोठे डबे, ज्यांच्या आवाजानं नांगरट करताना मातीच्या आधी माणूस ढवळून निघतो. त्याला मोबाइल जोडलात, माझं गाणं लावलंत, आणि गाण्याकडं पाठ करून बांधावरून चालायला लागलात. मला वाटलं, आवडलं नाही म्हणून निघालात. पण तुम्ही मोजत होतात. गाण्यातले शब्द कळायचे थांबले तिथं तुम्ही थांबलात, वळलात आणि तिथनंच ओरडलात, "पयलं कडवं हिरीपातूर आलं! दुसरं आंब्यापातूर बी आलं न्हाय!"

मीही ओरडून विचारलं, "आणि ढोल?"

"ढोल महाराष्ट्रात गेला! शब्द कर्नाटकातच ऱ्हायले!"

परत येईपर्यंत मी माझी बाजू तयार ठेवली होती. म्हणालो, "दाजी, हे असं उघड्यावर ऐकायचं नसतं. याला हेडफोन लागतो. यात डावं-उजवं असतं. आता ही सतार बघा, डावीकडून येते."

तुम्ही डावीकडं बघितलंत. "तिकडं ऊस हाय. तिकडनं काय येत न्हाय."

"आणि हा आवाज मी मुद्दाम घुमवलाय. गाभाऱ्यात बसून म्हटल्यासारखं वाटावं म्हणून."

"गाभाऱ्यात गप बसत्यात, सुकू."

आपल्या भांडणाचा हा असा बांध पडला तो शेवटपर्यंत. तुमचं म्हणणं एकच, शब्द ऐकू आले पाहिजेत. माझं म्हणणं, गाण्यात शब्दांपलीकडं काही असतं. तुम्ही म्हणायचात, पलीकडं जायला आधी अलीकडचं कळू दे की. आणि दुसरं भांडण त्याहून जुनाट: मत विचारलं तर खरं सांगावं की समोरच्याचं मन राखावं? मी तावातावानं कलाकाराच्या मनाबद्दल बोलायचो. तुम्ही तंबाखूचं पान बोटात चुरगाळून बघावं तसं माझं वाक्य तपासायचात आणि म्हणायचात, "ऐकणाऱ्यानं एकतर ऐकून खरं सांगावं, न्हायतर ऐकलं न्हाय म्हणून सांगावं. तिसरं काय नसतंय."

मग एकदा तुम्हीच म्हणालात, "खोलीत गाद्या कशाला हुब्या करतोस? आमच्या वखारीत ये." मी हसलो होतो. पण तुमच्या त्या तंबाखूच्या वखारीत, तिन्ही बाजूंनी आढ्यापर्यंत रचलेल्या पोत्यांच्या मधोमध उभा राहून मी टाळी वाजवली, आणि टाळी तिथल्या तिथं मेली. दाजी, ज्या शांततेसाठी मोठमोठे रेकॉर्डिंगवाले भिंतींना नाही नाही ते चिकटवतात ती शांतता तुमच्याकडं पोत्यांतून फुकट पडली होती. मी मायक्रोफोन मांडला, डोळे मिटले, आलाप घ्यायला छातीभर श्वास घेतला, आणि शिंकलो. पुन्हा घेतला, पुन्हा शिंकलो. चार मिनिटांच्या गाण्यात अकरा शिंका. तुमच्या नाकाचा जन्म तिथंच गेलेला, तुम्ही पोत्यावर निवांत बसला होतात. सहाव्या शिंकेला तुम्ही घड्याळ बघून उठलात.

"दाजी, अंतरा राहिलाय!"

"सूर्य तुझ्या अंतऱ्यासाठनं थांबत न्हाय. मी जेवून येतो."

दिवस मावळायच्या आत जेवायचा नेम तुम्ही माझ्या गाण्यासाठी मोडणार नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझं गाणं तेवढं नव्हतंही. जेवून आल्यावर तुम्ही सगळं रेकॉर्डिंग ट्रॅक्टरला लावून ऐकलंत आणि निकाल दिलात: "शिंका लई स्वच्छ आल्यात. पार हिरीच्या फुडं. शब्द बी असेच आले पायजेत."

त्यानंतरच्या गाण्यांत मी शब्द पुढं आणायला लागलो. घुमवणं कमी केलं, सतार मधे आणली. शाळेच्या स्नेहसंमेलनात एक गाणं लावलं तेव्हा एक बाई येऊन म्हणाल्या, सर, प्रत्येक शब्द कळला. मी त्यांना म्हणालो, नवीन मायक्रोफोनचा गुण आहे. तुमचं नाव घेतलं नाही. तुम्हालाही कधी सांगितलं नाही. आता सांगतो: मायक्रोफोन जुनाच होता.

आता पाळण्याकडं येतो. इतका वेळ मी इकडंतिकडं फिरतोय ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

आमची आक्का, तुमची बायको, लग्न होऊन निपाणीला आली तेव्हापासून महावीर जयंतीला बस्तीत, देवाच्या मूर्तीपुढं, पाळणा म्हणायची. आमच्या आईकडून तोंडी आलेला पाळणा. त्रिशलामातेला पडलेली सोळा स्वप्नं त्यात एकामागून एक येतात: हत्ती, बैल, सिंह, लक्ष्मी, अशी. पाळण्याची दोरी दुसऱ्या कुणाच्या हातात असली तरी बायका आक्काच्या तोंडाकडं बघायच्या. मग तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, आवाज राहिला, पण खरखरीत झाला. आक्कानं म्हणायचंच बंद केलं. कुणी आग्रह केला की म्हणायची, "ह्या आवाजात देवाला झोपवायला गेले तर उठून बसंल." त्या वर्षी बस्तीत कुणीतरी मोबाइलवरचा तयार पाळणा स्पीकरला जोडला. त्यात ढोल होते. तुम्ही घरी आलात आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाहीत म्हणे.

आणि मग गेल्या महिन्यात तुमचा तो निरोप आला. आवाजाची फाइल, आणि खाली लिहिलेलं: 'सुकू, पाळणा म्हटलाय. वखारीत बसून. खरं सांग. मागचं काय कापू नको.'

त्या वेळी मी काय करत होतो सांगू? मी तुमच्याच मताची वाट बघत फुगून बसलो होतो. दोन दिवसांपूर्वी तुम्हाला माझं नवं गाणं पाठवलं होतं आणि तुमच्याकडून हूं नाही की चूं नाही. मनात म्हटलं, वा, माझं ऐकायला वेळ नाही आणि वर स्वतःचं पाठवतात. आणि मी अंगठा पाठवला. फाइल नऊ मिनिटांची, माझा अंगठा दुसऱ्या मिनिटाला तुमच्याकडं पोचला. गणिताच्या मास्तराला एवढा हिशेब यायला हवा होता.

तुम्ही विचारलंत, 'ऐकलंस?'

मी लिहिलं, 'हो तर! झकास. शेवट तर फारच भावपूर्ण.'

बऱ्याच वेळानं तुमचं उत्तर आलं. 'बरं.'

त्यानंतर आपण दोनदा फोनवर बोललो. तुम्ही माझ्या साखरेची चौकशी केलीत, शाळेच्या परीक्षा विचारल्यात. पाळण्याचं नाव काढलं नाहीत. मीही नाही. तिसरा फोन आला तो तुमच्या नंबरवरून, पण बोलत होती आक्का.

रक्षाविसर्जनाच्या दिवशी माणसं पांगल्यावर आक्कानं मला स्वयंपाकघरात बोलावलं. डोळे सुजलेले, पण आवाज नेहमीचा, हुकमाचा.

"सुक्या, ह्यांनी तुला पाळणा धाडलता न्हवं?"

"हो."

"मला ऐकवला न्हाय त्यो. सुकूनं नीट करून दिला की ऐकवतो म्हणले. झाला का करून?"

मी भांड्यांच्या फडताळाकडं बघत राहिलो.

"मी दोनदा इचारलं त्यास्नी. म्हणले, सुकूनं अजून ऐकला न्हाय, शाळेत परीक्षा हाईत, घाई करू नगंस त्याला."

दाजी, तुम्हाला सगळं कळलं होतं, आणि तरी तुम्ही आक्कापुढं मला परीक्षांच्या आड लपवलंत. मी आणखी खोल जावं म्हणूनच की काय, मी तिला विचारलं, "माझं एक गाणं पाठवलं होतं दाजींना. त्याबद्दल काही बोलले का?"

"ट्रॅक्टर गॅरेजला हाय की महिना झाला. आला की ऐकतो म्हणले."

न ऐकता मत द्यायचं तुम्हाला जमत नव्हतं. एवढंच कारण होतं.

बेळगावला परतल्यावर दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन मी गाद्यांच्या कोपऱ्यात बसलो आणि हेडफोन लावला. पहिल्यांदा तुमचा घसा साफ केल्याचा आवाज. मग हत्ती. मग बैल. तुमचा सूर सरळ चालणारा नाही. नांगर दगडाला लागल्यावर ट्रॅक्टर जसा बाजूला झुकतो तसा तो मधेच झुकतो. सिंहाला तुम्ही अडलात. आणि मागून, लांबून, दारापाशी शेंगा निवडत बसलेल्या बाईचा आवाज आला. "सिंहाची आयाळ... म्हणा." तुम्ही म्हणालात. लक्ष्मीला पुन्हा अडलात. पुन्हा मागून ओळ आली, या वेळी थोडी चालीवर. माळांना अख्खी ओळ आली. चंद्राला तुम्ही नुसतं 'चंद्र' म्हणून थांबलात, आणि सूर्याला तर सुरुवातच केली नाहीत. मागचा तो खरखरीत आवाज एकटाच पुढं चालला होता आणि तुम्ही गप्प बसून ऐकत होता. वखारीतल्या पोत्यांचा सगळा माल, कुठल्या शेतातलं कुठलं पान, तोंडपाठ असलेला माणूस सोळा स्वप्नं विसरतो? मला संशय आहे, दाजी. दाट संशय आहे.

मग कुणीतरी बाहेरून आक्काला हाक मारली, ती उठली, आणि पुढची दोन स्वप्नं तुम्हाला एकट्याला म्हणावी लागली. तिथं तुम्ही खरे चुकलात. ती परत आली ते सिंहासनाला. तिथून शेवटपर्यंत दोघं बरोबर.

आणि मग तो माझा भावपूर्ण शेवट. पूर्ण दोन मिनिटं.

"ह्ये मोबाइलात काय चालू ठिवलंय?"

"घड्याळ लावलंय. किती येळ लागतोय ते बघालोय."

"मग बंद करा की आता."

"दाबलंय."

"बॅटरी लागली ती."

"थांब की. ह्ये... न्हाय, ह्ये न्हाय."

"च्या टाकू का?"

"टाक."

मी हेडफोन काढून बसलो. बायको आत डोकावली आणि दार लोटून गेली.

दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. आता ऐका माझी हुशारी. इतक्या वर्षांची सवय. फाइल उघडली की आधी मागची खरखर साफ करायची. त्यासाठी एक बटण आहे. ते दाबलं. पंखा गेला, रस्त्यावरची गाडी गेली, कोंबडा गेला, आणि आक्का गेली. संगणकाच्या हिशेबी तीही मागची खरखरच. तुमचा एकट्याचा आवाज उरला, लख्ख, आणि अडखळत, मधे मधे उगीचच थांबणारा. 'मागचं काय कापू नको' म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. पूर्ववत करायचं बटण मी चार वेळा दाबलं, एकदा पुरतं. मग कोंबडा ठेवला, गाडी ठेवली, आणि आठवडाभर रोज तासभर बसून एकेका ओळीत आक्काला हळूहळू पुढं आणलं.

परवा रविवारी निपाणीला गेलो. सोप्यात तुमचा फोटो, खाली सतरंजीवर आक्का. मी मोबाइल तिच्यासमोर ठेवला आणि लावला. तुमचा घसा साफ केल्याचा आवाज आला तशी तिनं पदर तोंडाला लावला. हत्ती, बैल झाले. सिंहाला तिचा आवाज आला आणि पदर खाली आला.

"ही कोण?"

"तू."

"मी? मी कवा म्हटलं ह्ये?" मग थोडा वेळ ऐकून म्हणाली, "किती घोगरा हाय."

"आहे," मी म्हणालो. खरं सांगायची सवय आता लावून घेतोय.

"पर सुरात हाय," ती म्हणाली.

"आहे."

सूर्य झाला, कलश झाले, मासे झाले. त्या हाकेनंतर तिचा आवाज गेला आणि तुम्ही एकटे उरलात. आणि आक्का एकदम सरळ बसली, हात पुढं करून म्हणाली, "थांबा, थांबा! असं न्हाय!" मी घाबरून बंद करायला गेलो तर मला हातानंच बाजूला केलं. ती माझ्याशी बोलतच नव्हती. "आधी तळं येतंय, मग समुद्र. तळं ऱ्हायलं की तुमचं! एकदम समुद्रात कुठं उतरतासा?" आणि तिनं ती तळ्याची ओळ म्हणून दाखवली, अख्खी, चालीवर, बोटानं जमिनीवर ठेका धरून. मोबाइलमध्ये तुम्ही तोवर सिंहासनापर्यंत गेला होतात.

पाळणा संपला. शेवटची दोन मिनिटंही मी कापली नव्हती. 'टाक' ऐकून आक्का हसली, मग रडली, मग नाक पुसून मला म्हणाली, "तळं चुकलंय ते आता सांगायचं कुणाला रं?"

मी म्हणालो, "मी कळवतो."

तर दाजी, ऐकलं. नऊच्या नऊ मिनिटं. माझं मत असं: सूर लक्ष्मीला उतरलाय, सिंहासनाला श्वास कमी पडलाय, शब्द सगळे कळतात. तुमचा आवाज मी थोडा मागं घेतलाय, विचारायला तुम्ही नव्हता. यंदा जयंतीला बस्तीत स्पीकर लावायचा नाही, असं आक्कानं बजावलंय; ती स्वतः म्हणणार आहे. आणि तिचा निरोप आहे, जसा दिला तसा लिहितो: आधी तळं, मग समुद्र. घाई करू नका.